संगम नसलेला संगमेश्वर

मंडळी, कृष्णा म्हणजे आम्हा सातारकरांच्या घरचीच. माहुलीला तिला वेण्णा मिळते, कऱ्हाडला कोयना, नृसिंहवाडीला पंचगंगा. पुढे परप्रांतात गेल्यावर तिला भीमा मिळते, आणि कर्नूलच्या खालच्या अंगाला तुंगभद्रा. त्या शेवटच्या संगमावर कूडवेल्ली नावाचं गाव होतं आणि तिथे बदामीच्या चालुक्यांच्या काळातलं संगमेश्वराचं देऊळ. ते बघायची फार वर्षांची इच्छा होती, ती गेल्या हिवाळ्यात पुरी झाली. मात्र संगमावर नाही, आलंपूरला.

त्याचं असं झालं. श्रीशैलमचं धरण १९८१ च्या सुमारास भरू लागलं. संगमाचा सगळा परिसर पाण्याखाली जाणार हे आधीच दिसत होतं. म्हणून देवळाचा दगड न् दगड सुटा केला, प्रत्येकावर क्रमांक घातला आणि आलंपूरला आणून पुन्हा जसाच्या तसा रचला. तेराशे वर्षांहून जुनं देऊळ! भिंती, खांब, शिखर, सगळं पुन्हा जागच्या जागी. आमच्याकडे माळवदाचं जुनं घर उतरवताना दहा तुळया नीट निघत नाहीत, हो.

आलंपूर आता तेलंगणात, कर्नूल आंध्रात, मध्ये तुंगभद्रा. गावातल्या नवब्रह्म देवळांना मात्र हलवलं नाही, धरणाचं पाणी अडवायला बाहेरून भिंत घातली. नाव ब्रह्माचं, पण आत सगळीकडे महादेव. शिखरं उत्तरेकडच्या धाटणीची, वर आवळ्यासारखा आमलक. दक्षिणेत एवढ्या खाली ही धाटणी कशी आली, यावर विद्वानांचा खल चालू असतो. चालुक्यांचं राज्य नर्मदेपर्यंत पोचलेलं, कारागीर इकडून तिकडे जात असणार, असं मला आपलं वाटतं. याच घराण्यातल्या दुसऱ्या पुलकेशीने हर्षवर्धनाला अडवलं. ऐहोळेच्या इसवी सन ६३४ च्या शिलालेखात त्याला ९९ हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा धनी म्हटलंय. वर्गात हा आकडा सांगितला की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा जागी व्हायची.

असो. कूडवेल्लीचं देऊळ गावाबाहेर उंच जोत्यावर उभं आहे. भोवती मोकळं आवार, फारसं कुणी नाही. सौ. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, पण नदी कुठाय?" मी म्हटलं, नदीसाठीच तर हे इथे आलं. ती म्हणाली, "संगमाशिवाय कसला हो संगमेश्वर?"

मी इतिहासाचा मास्तर. दगड वाचला, कोरीव काम वाचलं, याचा मला आनंद आहे, आणि हे काम केलं ते उत्तमच केलं असं मी म्हणेन. पण तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही. चालुक्यांनी ती जागा निवडली ती दोन नद्यांसाठी. ज्याच्यासाठी देऊळ बांधलं तेच मागे राहिलं. शिवाय या धरणात शंभरावर गावं गेली. त्यांतल्या घरांच्या दगडांवर कुणी क्रमांक घातले नाहीत. ती माणसं मिळेल त्या मोबदल्यात वाट फुटेल तिकडे गेली. कोयनेच्या धरणग्रस्तांची मुलं माझ्या वर्गात होती, म्हणून हे चटकन डोक्यात येतं.

उलट आपल्या उजनीत पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ जागेवरच ठेवलं. ते पाण्यात बुडतं, उन्हाळ्यात धरण उतरलं की पुन्हा दिसतं. दगड झिजतायत, पण भीमा अजून त्याच्या अंगावरून जाते. यातलं कुठलं बरं? सौ.चं मत पळसदेवच्या बाजूने आहे, न बघताच.

येत्या मे महिन्यात पाणी उतरलं तर दोघांनी तिकडे जायचं ठरतंय. इंदापूरच्या बाजूने गाडीची सोय होईल. कुणाला यायचं असेल तर एप्रिलपर्यंत सांगा.