फ्लॉपी शाबूत, संकेत हरवला

मागच्या खेपेला मोडीबद्दल बोलणं झालं, तेव्हा शेवटी एक प्रश्न आला होता. कागद शाबूत आहे पण वाचता येत नाही, असं आपल्या काळातल्या लिखाणाचंही होईल का? होईल कसलं, होऊन गेलंय. आज तीच हकीगत सांगायची आहे.

१९९८ सालची गोष्ट. आमचे एक स्नेही मोडीचे जाणकार. इथल्या पुरालेखागारात वर्षानुवर्षं बसून त्यांनी करवीर दरबारच्या कागदांची टिपणं काढलेली. ते गेले. महिन्याभरानं वहिनींनी आमच्या हातात तीन फ्लॉप्या ठेवल्या, सव्वापाच इंची, काळ्या, लवचीक. म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांचं सगळं काम ह्यात आहे. बघा काही निघतंय का."

तोवर आम्ही विचारलं तिथं सगळीकडं साडेतीन इंची ड्राइव्ह आलेले. सव्वापाच इंची फ्लॉपी घेणारं एकच यंत्र हाताशी होतं, आमच्या माळ्यावरचा बीबीसी मायक्रो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीनं तो १९८१ साली काढला. आपल्याकडं १९८४ मध्ये शाळांसाठी संगणक-साक्षरतेचा 'क्लास' प्रकल्प सुरू झाला, तो याच यंत्रावर, अडीचशेच्या आसपास शाळांत. पुढं ती यंत्रं मोडीत निघाली. त्यातलंच एक आम्ही लिलावात घेतलेलं.

फ्लॉपी घातली, यादी मागितली. यंत्र म्हणालं, डिस्क चुकीची. आता बघा, फ्लॉपी तीच, आकार तोच, वर चढवलेला चुंबकीय थरही त्याच जातीचा. मग अडलं कुठं?

फ्लॉपीवर वर्तुळाकार पट्टे असतात, त्यांना ट्रॅक म्हणतात. प्रत्येक ट्रॅकचे तुकडे म्हणजे सेक्टर. बीबीसी मायक्रो एका ट्रॅकचे १० सेक्टर करतो, प्रत्येकी २५६ बाइटचे. स्नेह्यांनी काम केलं होतं ऑफिसातल्या पीसीवर. त्याचे सेक्टर ९, प्रत्येकी ५१२ बाइटचे. दोन्ही बाजू, ४० ट्रॅक. गुणाकार केला की ३,६८,६४० बाइट, म्हणजे ३६० केबी. शिवाय चुंबकीय खुणा मांडायची रीतच निराळी. बीबीसीतली मूळची ८२७१ ही चिप एकेरी घनतेचीच खूण ओळखते, पीसीची खूण दुहेरी. त्या चिपला ही फ्लॉपी म्हणजे नुसती खरखर. आमचं नशीब असं, की आमच्या यंत्रात कुणीतरी नंतरची १७७० चिप बसवलेली होती. तिला दोन्ही रीती कळतात.

आम्ही तिघं होतो. एक भौतिकशास्त्राचे, एक मराठीचे आणि आम्ही तत्त्वज्ञानाचे, म्हणजे चहा सांगायला. पहिलं काम केलं ते फ्लॉपीच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावण्याचं, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. ड्राइव्ह ८० ट्रॅकचा होता, फ्लॉपी ४० ची, म्हणून वाचताना एकेक घर सोडून पुढं जायचं. भौतिकशास्त्रवाल्यांनी त्यासाठी छोटा प्रोग्राम लिहिला आणि सेक्टर एकेक करून वर यायला लागले.

पण तुकडे म्हणजे फाइल नव्हे. बीबीसी एक फाइल सलग ठेवतो. पीसी जागा मिळेल तिथं तुकडे टाकतो आणि कशानंतर काय, याचा तक्ता वेगळा ठेवतो. तो तक्ता उलगडून साखळी जोडली.

तरी मराठी काही दिसेना. दिसत होते नुसते आकडे, बरेचसे १६० च्या पुढचे. मग मराठीचे सर म्हणाले, ह्या गृहस्थाच्या लिखाणात कोणता शब्द सारखा येणार? अहो, कोल्हापूर! आणि खरंच, नऊ आकड्यांची एक माळ पुन्हापुन्हा येत होती: १७९, २२९, २०९, २३२, २१६, २१८, २००, २२२, २०७. क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, दीर्घ ऊकार, र. हा इस्की संकेत, १९९१ साली भारतीय मानक म्हणून आलेला. त्यात १७९ म्हणजे क, देवनागरीत लिहा की कन्नडमध्ये. तक्ता मिळाल्यावर बाकीचं दोन रात्रींत उलगडलं.

आता आमच्या विषयातलं थोडं. शब्द आणि अर्थ यांचं नातं कसलं, यावर आपल्याकडं जुना वाद आहे. मीमांसक म्हणतात, ते नातं नित्य आहे, कुणी घडवलेलं नाही. नैयायिक म्हणतात, तो संकेत आहे, या शब्दानं हा अर्थ समजावा असं ठरलेलं. त्या रात्री माळ्यावर आम्ही पुरते नैयायिक झालो. खुणांची रीत, तुकड्यांची मांडणी, साखळीचा तक्ता, अक्षरांचे आकडे. सगळे एकावर एक रचलेले संकेत. त्यातला एक जरी माहीत नसता तरी लिहिलेलं जागेवर असून नसल्यासारखं. मोडीचं तरी वेगळं काय झालं? दप्तरातले रुमाल आहेत तसेच आहेत. वाचणारे कमी झाले.

तीनपैकी दोन फ्लॉप्या पूर्ण निघाल्या. तिसरीला आपल्या पावसाळ्यानं बुरशी धरली होती, तिचा निम्माच भाग आला. कोणत्या रुमालात कोणता कागद, याची ती यादी होती. छापून वहिनींना नेऊन दिली.

पण एक गोष्ट राहिली. बऱ्याच नोंदींपुढं त्यांनी स्वतःची आद्याक्षरं टाकलीत, 'त. पा.', 'दु. ह.' अशी. दुसऱ्या हातचा कागद? दुसरं हस्ताक्षर? पीसीचे, इस्कीचे संकेत कुणीतरी छापून ठेवले होते, म्हणून परक्या यंत्रावरही ते उलगडले. हा संकेत एकाच माणसाजवळ होता. आम्ही त्यांच्याबरोबर वीस वर्षं चहा प्यायलो, विचारायचं सुचलं नाही.

त्या आद्याक्षरांची यादी दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. त्या काळात पुरालेखागारात त्यांच्या शेजारी बसलेलं कुणी इथं असेल, तर जाताना नजर टाका. आणि घरी गेल्यावर आपापल्या वहीच्या पहिल्या पानावर आपली आद्याक्षरं उलगडून लिहून ठेवा. थांबतो आम्ही.