संशोधन वर्गात पोहोचते कसे?

पुण्याच्या सदाशिव पेठेत, कुमठेकर रस्त्यावर, ७०८ क्रमांकाच्या वास्तूत महाराष्ट्राच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे कार्यालय आहे. राज्य शिक्षण संस्था म्हणून १९६४ साली सुरू झालेल्या या संस्थेला १९८४मध्ये परिषदेचे रूप मिळाले. संशोधन आणि प्रशिक्षण हे दोन शब्द तिच्या नावात शेजारी शेजारी आहेत. प्रत्यक्षात या दोन कामांमध्ये मोठे अंतर पडते. शिकण्याविषयी जगभर जे सिद्ध झाले आहे, ते पाचवी ‘ब’च्या वर्गात उभ्या असलेल्या बाईंच्या हाती कोणत्या रूपात पडते, हा या विवेचनाचा विषय आहे.

पहिले उदाहरण मूल्यमापनाचे. रूथ बटलर यांनी १९८८मध्ये इस्रायलमधील शाळांत केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. काही मुलांना कामाबद्दल फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी शेरा दिला आणि काहींना दोन्ही दिले. फक्त शेरा मिळालेल्या मुलांचे पुढचे काम सुधारले. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना मात्र शेऱ्याचा लाभ झाला नाही, कारण गुण दिसले की लक्ष तिकडेच जाते. पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८मध्ये अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन आकारिक मूल्यमापनाची, म्हणजे शिकत असतानाच मुलाला सुधारणेची दिशा देणाऱ्या मूल्यमापनाची, बाजू भक्कम केली. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्यानंतर, २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयाने, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि त्यात आकारिक मूल्यमापनाला मानाचे स्थान मिळाले. कल्पना उत्तम होती. पण वर्गात पोहोचेपर्यंत तिची झाली नोंदवही. प्रत्येक मुलाच्या, प्रत्येक विषयाच्या वर्णनात्मक नोंदी लिहिणे बंधनकारक झाले आणि थोड्याच काळात तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या. ‘स्वतःहून प्रश्न विचारतो’, ‘गृहपाठ वेळेवर पूर्ण करते’ अशी वाक्ये वहीतून वहीत उतरू लागली.

यात शिक्षकांच्या आळसाचा भाग फार थोडा आहे. बटलर यांच्या निष्कर्षाचा गाभा एका क्षणात आहे: वही परत मिळालेले मूल शेरा वाचते आणि त्यावरून काहीतरी पुन्हा करून पाहते. हा क्षण तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला दिसत नाही. त्याला दिसते ती नोंदवही. परिपत्रकातून प्रवास करताना संशोधनाचा तपासता येण्याजोगा भाग तेवढा टिकतो, आणि नेमका तोच भाग बहुधा सर्वांत कमी महत्त्वाचा असतो. वह्यांचा गठ्ठा संपवून ‘छान’ लिहिण्याऐवजी ‘तिसऱ्या ओळीत हातचा विसरलास, तेवढेच पुन्हा कर’ असे लिहिणे आणि दुसऱ्या दिवशी त्यासाठी दहा मिनिटे राखणे, एवढाच त्या संशोधनाचा व्यवहारातला अर्थ होता.

दुसरे उदाहरण मराठी मुलांच्या अगदी जवळचे आहे. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असे वाचनही आले आणि राज्यभर गदारोळ झाला. विधिमंडळातही त्याची थट्टा झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी या बदलाची कारणे शांतपणे सांगितली, पण तोवर चर्चा भाषेच्या अस्मितेवर गेली होती. मूळ प्रश्न मुलांच्या लेखनातला होता. मराठीत एकवीसपासून पुढे आधी एकक उच्चारला जातो आणि मग दशक. लिहिताना मात्र दशक आधी येतो. जर्मन भाषेतही असेच आहे. ऑस्ट्रियातील पहिलीच्या मुलांनी ऐकून लिहिलेल्या संख्यांचा अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जवळजवळ निम्म्या चुका या उलटापालटीशी निगडित असल्याचे दिसले.

हा निष्कर्ष शिक्षिकेला उपयोगी कसा पडेल? तिने आपल्या वर्गाला वीस संख्या सांगून लिहून घ्याव्यात आणि वह्यांचे चुकीनुसार गठ्ठे करावेत. ‘पंचेचाळीस’ ऐकून ५४ लिहिणारे एका बाजूला. ‘एकोणतीस’ ऐकून ३९ लिहिणारे दुसऱ्या बाजूला. त्यांना ‘तीस’ ऐकू आले आहे, ‘एकोण’मधली वजाबाकी पोहोचलेली नाही. ‘दोनशे पाच’ ऐकून २००५ लिहिणारे तिसरीकडे. त्यांनी ऐकलेला प्रत्येक तुकडा प्रामाणिकपणे लिहिला आहे, फक्त स्थानिक किंमत अजून उमगलेली नाही. गुणपत्रकात या तिघांनाही सारखेच गुण पडतात. उपाय मात्र तीन वेगळे लागतात. पहिल्या गटाला ‘चाळीस पाच’ असे वाचन काही दिवस खरोखर मदत करू शकते, तिसऱ्या गटाला शतक-दशक-एककाची कार्डे एकमेकांवर ठेवून दाखवावी लागतील. संशोधनाचा सर्वांत मोठा उपयोग, माझ्या मते, हाच आहे: चुकीकडे पाहण्याची नजर ते देते. काय करा, हे त्यानंतर येते.

आता शिक्षकाच्या स्वतःच्या संशोधनाकडे वळू. स्टीफन कोरी यांच्या १९५३च्या पुस्तकाने शाळांत रुजलेले कृतिसंशोधन आपल्याकडे बी.एड.च्या अभ्यासक्रमापासून सेवांतर्गत प्रशिक्षणापर्यंत सर्वत्र आहे. त्याचा साचा ठरलेला असतो: पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी, गुणांची तुलना आणि ‘उपक्रम परिणामकारक ठरला’ हा निष्कर्ष. असा अहवाल अपयशी झालेला सहसा दिसत नाही, आणि त्याला कारण आहे. पूर्वचाचणीत सर्वांत मागे राहिलेली दहा मुले निवडली, तर त्यांतील काही त्या दिवशी आजारी, घाबरलेली किंवा नुसती दुर्दैवी असतात. काहीही न करता पुन्हा चाचणी घेतली तरी त्यांचे गुण सरासरीकडे सरकतात. त्यात महिनाभराचे नेहमीचे अध्यापन मिळते, चाचणीही ओळखीची झालेली असते.

उत्तरचाचणी कधी घेतली, यानेही निष्कर्ष फिरतो. रोएडिगर आणि कार्पिके यांनी २००६मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होते, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. उपक्रम संपल्या दिवशी चाचणी घेणाऱ्या शिक्षकाने प्रामाणिकपणे, आकडे हातात घेऊन, चुकीची पद्धत निवडली असती. म्हणून दोन सुधारणा आवश्यक वाटतात, आणि त्यांना पैसा लागत नाही. उपक्रम आधी ‘अ’ तुकडीत करावा, ‘ब’ तुकडीत महिनाभराने. म्हणजे तुलना मिळते आणि कोणतेही मूल वंचित राहत नाही. आणि एक चाचणी तीन-चार आठवडे उलटल्यावर, न सांगता घ्यावी.

हे एकट्याने होत नाही. सदाशिव पेठेतच ज्ञान प्रबोधिनी आहे. अप्पा पेंडसे यांनी १९६२मध्ये ती स्थापन केली. गिलफर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानावर आधारलेले मानसशास्त्रीय काम आणि १९६९पासूनची प्रशाला तिथे एकाच छत्राखाली वाढली. शिकवणारा आणि मोजणारा रोज भेटू शकतात, हे त्या रचनेचे बळ. जिल्हा परिषदेच्या शाळेला असा शेजार नाही. तिच्याजवळ केंद्राची शिक्षण परिषद मात्र आहे. आसपासच्या शाळांतील शिक्षक ठरावीक दिवशी एकत्र येतात, पण त्या दिवसाचा बराच भाग माहिती भरण्याच्या सूचनांत, ॲपच्या अडचणींत आणि परिपत्रकांच्या वाचनात जातो. त्यातला एक तास पूर्णपणे वह्यांसाठी राखावा. प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या एकाच प्रकारच्या चुकीच्या पाच वह्या आणाव्यात, केंद्रप्रमुखाने त्या चुकीबद्दलचे संशोधन दोन पानांत मराठीत समोर ठेवावे, आणि काय करून पाहिले ते प्रत्येकाने पुढच्या महिन्यात सांगावे.

ती दोन पाने लिहिण्याचे काम कुमठेकर रस्त्यावरच्या परिषदेचे आहे. तिचे ‘जीवन शिक्षण’ मासिक शिक्षकांसाठीच आहे. त्यात दर अंकी एक न जमलेले कृतिसंशोधन छापावे: उपक्रम काय होता, किती मुलांना फरक पडला नाही, शिक्षकाला त्याचे कारण काय वाटते. लिहिणाऱ्याच्या गोपनीय अहवालात त्याची नोंद उणेपणाची होणार नाही, एवढी लेखी हमी मात्र आधी द्यावी लागेल.