लोकल बोर्ड, शाळेची पडवी आणि आपली ग्रामसभा

ग्रामपंचायतीत आज निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तरी गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो, "जागा मिळाली, पण आमचं ऐकतं कोण?" हा प्रश्न नवा नाही. आपल्या दापोलीत तो सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी वेगळ्या माणसांनी विचारला होता. आज त्याबद्दल बोलू.

जुन्या बायका "लोकल बोर्डाची शाळा", "लोकल बोर्डाचा रस्ता" म्हणायच्या. हे बोर्ड आलं कुठून? इंग्रज सरकारने १८६९ साली मुंबई इलाख्यात कायदा केला. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा जादा घ्यायचा आणि त्यातून रस्ते, शाळा करायच्या. पैसा रयतेचा, पण खर्च ठरवणार साहेब. पुढे १८८२ साली व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी ठराव काढला की स्थानिक कारभार लोकांच्या प्रतिनिधींकडे द्यावा, म्हणजे लोक कारभार शिकतील. त्यावरून १८८४ साली मुंबई इलाख्यात जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डांचा कायदा झाला. नगरपालिकांतही निवडून आलेले सभासद वाढले.

ऐकायला छान वाटतं. पण मत कोणाला होतं? ज्याच्याकडे जमीन, मालमत्ता किंवा शिक्षण, त्याला. बायकांना नाही. मजुराला, कुळाला नाही. म्हणजे साहेबाच्या हातातला कारभार गावातल्या मोठ्या घरांकडे गेला.

याचा अर्थ काय होतो, ते दापोलीत दिसलं. इथे पूर्वी लष्कराचा कॅम्प होता. त्यामुळे पलटणीतून निवृत्त झालेले बरेच महार पेन्शनर इथे राहायचे. १८९२ साली त्यांनी अर्ज केला की नगरपालिकेच्या शाळेत आमच्या मुलांना घ्या. शाळा सरकारी पैशाच्या आधाराने चालते, मग आमची मुलं बाहेर का? सरकारचं धोरण कागदावर त्यांच्याच बाजूचं होतं. पण शाळा नगरपालिकेची, आणि नगरपालिका गावातल्या वरच्या जातींच्या हातात. शेवटी मुलांना शाळेत घेतलं, पण वर्गात नाही. त्यांना पडवीत बसवलं.

त्याच काळात सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर दापोलीत राहत होते. त्यांचा धाकटा मुलगा म्हणजे आपले बाबासाहेब आंबेडकर. त्यांच्या बालपणाची काही वर्षं इथेच गेली.

आता सावित्री नदीपलीकडे महाडला जाऊ. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. पण तळ्यावर कोणी जाऊ शकत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांबरोबर हजारो माणसं तळ्यापर्यंत चालत गेली आणि पाणी प्यायली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. प्रकरण कोर्टात गेलं. मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडलं.

हे सगळं पाहिलेल्या बाबासाहेबांनी १९३२ साली मुंबईच्या कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकाला विरोध केला. दलितांना राखीव जागा नसतील, तर पंचायतीच्या हातात सत्ता देणं म्हणजे त्यांना गावाच्या मर्जीवर सोडणं, असं त्यांचं म्हणणं होतं.

बायकांचं काय? मुंबई कायदेमंडळासाठी बायकांना मत १९२१ साली मिळालं, पण मालमत्तेची अट राहिली. त्यामुळे तुमच्या-माझ्यासारख्या घरातल्या बाईला त्याचा उपयोग नव्हता. सगळ्यांना सारखं मत संविधानाने दिलं. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली, तेव्हा पंचायतीत बायकांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या.

म्हणून राखीव जागेला कोणी "फुकटची जागा" म्हटलं, तर त्याला दापोलीची शाळा सांगा. कारभार गावाच्या हातात आला, एवढ्याने तो सगळ्यांचा होत नाही. ज्याचं माणूस आत बसलेलं नाही, त्याची मुलं पडवीत राहतात.

आणि महाडचं तळंही लक्षात ठेवा. ठराव झाला म्हणजे काम झालं असं नाही. आपल्या कायद्यात नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. ती सभा खरोखर भरते, की घरी वही फिरवून सह्या घेतल्या जातात? पाण्याचा, रस्त्याचा, अंगणवाडीचा जो ठराव आपण मांडतो, तो इतिवृत्तात लिहिला जातो का? मागच्या ठरावाचं काय झालं, हे पुढच्या सभेत कोणी विचारतं का?

सरपंच बाई असेल आणि खुर्चीत तिचा नवरा बसत असेल, तर ती बाई अजून पडवीतच आहे. तिला आत आणायचं काम एकटीचं नाही, गटाचं आहे. येत्या ग्रामसभेला दहाजणी मिळून जा, तिच्या शेजारी बसा आणि ठराव मोठ्याने वाचून घ्या.