अणुगर्भांतून रुग्णशय्येकडे

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाची वाट आमच्या जळगांव-धुळ्याकडील अनेक कुटुंबांना ठाऊक आहे. १९४१ सालीं उघडलेलें हें रुग्णालय १९६२ मध्यें अणुशक्ति खात्याकडे गेलें. अणूच्या खात्यानें कर्करोग्यांची चिंता कां वाहावी? याचें एक उत्तर एका जुन्या लेखांत सांपडतें.

रॉबर्ट विल्सन हे अमेरिकन पदार्थविज्ञानवेत्ते. युद्धकाळांत ते लॉस अलामॉस येथें अणुबाँबच्या कामावर होते. युद्ध संपल्यावर, १९४६ सालीं, त्यांनीं एका वैद्यकीय मासिकांत वेगवान प्रोटॉनांच्या उपयोगाविषयीं लेख लिहिला. क्ष-किरण शरीरांतून जातांना गांठीच्या अलीकडील व पलीकडील निरोगी पेशींनाही इजा करतात. प्रोटॉन मात्र आपली बरीचशी शक्ति प्रवासाच्या शेवटीं टाकतो व तेथेंच थांबतो. त्याचा वेग ठरविला, कीं थांबण्याची खोलीही ठरते. म्हणून गांठीवर नेमका मारा करतां येईल, असें विल्सन यांनीं दाखविलें. १९५४ मध्यें बर्कले येथें पहिल्या रुग्णावर असे उपचार झाले. विल्सन स्वतः मूलकणांच्याच शोधांत राहिले व पुढें फर्मी प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले.

टाटा स्मारकाच्या खारघर येथील केंद्रांत प्रोटॉनोपचार २०२३ मध्यें सुरू झाले. लेखाला तेव्हां ७७ वर्षें झालीं होतीं. पदार्थविज्ञानाकडे वळूं पाहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला 'याचा उपयोग काय?' असें विचारण्यापूर्वीं खानदेशांतील पालकांनीं हा हिशेब एकवार मांडून पाहावा.