राणीच्या बागेतला घारापुरीचा हत्ती

चिंचपोकळी स्थानकाच्या दक्षिणेस, भायखळ्याच्या राणीच्या बागेला लागून असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात काळ्या पाषाणाचा एक हत्ती उभा आहे. तो तेथे इतका रुळला आहे की बागेच्या शोभेसाठीच घडवला असावा असे पाहणाऱ्याला वाटावे. वस्तुतः तो समुद्रातल्या घारापुरी बेटावरचा, आणि त्याची रवानगी व्हायची होती ती भायखळ्याला नव्हे, इंग्लंडला. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या सत्तांनी इजिप्तमधील ओबेलिस्क, म्हणजे एकाच दगडातून कोरलेले, वर निमुळते होत जाणारे चौकोनी स्तंभ, आपापल्या राजधान्यांत नेऊन उभे केले. त्याच हौसेचे मुंबईत फसलेले उदाहरण म्हणून या हत्तीकडे पाहता येते.

ओबेलिस्क हलवण्याची परंपरा मात्र युरोपीय वसाहतवादाहून फार जुनी आहे. अस्वानच्या खाणीतल्या तांबूस ग्रॅनाइटचे हे स्तंभ सूर्यदेवाच्या उपासनेशी निगडित असून ते मंदिरांच्या दाराशी जोडीने उभारले जात. इजिप्त जिंकल्यावर ऑगस्टस बादशहाने इ. स. पूर्व १० मध्ये त्यांपैकी दोन रोमला आणले आणि तेव्हापासून परक्याचा स्तंभ आपल्या चौकात असणे हे विजयाचे लक्षण ठरले. पुढे १५८६ मध्ये पोप पाचवा सिक्स्टस याच्या आज्ञेवरून दोमेनिको फोंताना या स्थापत्यविशारदाने व्हॅटिकनमधला सुमारे २५ मीटर उंचीचा स्तंभ सेंट पीटर चर्चसमोर हलवला, तेव्हा अंतर जेमतेम काहीशे मीटरचे असूनही त्याला सुमारे ९०० माणसे, घोडे आणि दोर गुंडाळणारे रहाट कामाला लावावे लागले. चिंचपोकळीच्या रहिवाशांना गणेशोत्सवात ‘चिंतामणी’ गणपतीची उंच मूर्ती कारखान्यातून गर्दीमधून मंडपात आणण्याची सवय आहे, परंतु ती मूर्ती आतून पोकळ असते. ओबेलिस्क भरीव असतो आणि ग्रॅनाइट उभा भार कितीही सोसत असला तरी आडवा धरल्यावर वाकण्याचा ताण त्याला सोसवत नाही, म्हणून खरी परीक्षा असते ती स्तंभ आडवा करण्याची आणि पुन्हा उभा करण्याची. लंडनचा ‘क्लिओपात्राची सुई’ म्हणून ओळखला जाणारा स्तंभ १८७७ मध्ये लोखंडी नळकांड्यासारख्या नावेत घालून जहाजामागे ओढत नेताना बिस्केच्या उपसागरात वादळ झाले व सहा खलाशी बुडाले. स्तंभ मात्र सुखरूप राहून पुढल्या वर्षी थेम्सकाठी उभा राहिला.

हा नाद एकट्या पश्चिमेचा नव्हे. दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने चौदाव्या शतकात तोपरा व मेरठ येथील दोन अशोकस्तंभ दिल्लीला आणवले. तोपऱ्याचा स्तंभ सावरीच्या कापसाच्या ढिगावर अलगद आडवा केला, बोरूंनी व कच्च्या चामड्याने गुंडाळला, ४२ चाकांच्या गाड्यावर चढवला आणि यमुनेतून होड्यांवर नेला, असे तत्कालीन इतिहासकार शम्स-इ-सिराज अफीफ याने नोंदवले आहे. त्यावरचा मजकूर तेव्हा कोणालाच वाचता येत नव्हता, पण त्याने सुलतानाची हौस मुळीच कमी झाली नाही.

घारापुरीच्या हत्तीला असा कापूस लाभला नाही. बेटाच्या दक्षिणेस राजबंदराजवळ एका सुट्या काळ्या खडकातून तो कोरलेला होता. लांबी सुमारे १३ फूट, उंची ७ फुटांहून थोडी अधिक, आणि पाठीवर आणखी एका लहान प्राण्याची आकृती, जिला कोणी हत्तीचे पिल्लू समजत तर कोणी वाघ. १५३४ मध्ये वसईच्या तहाने हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि धक्क्याला उतरताच दिसणाऱ्या या हत्तीवरून त्यांनी बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले. पुढे युरोपीय प्रवाशांनी त्याची वर्णने केली, चित्रे काढली, पण डागडुजी कोणी केल्याचे दिसत नाही. सप्टेंबर १८१४ मध्ये त्याचे डोके व मान गळून पडली, मागाहून धडही खचत गेले. १८६४ मध्ये तो इंग्लंडला पाठवण्यासाठी उचलायला घेतला तेव्हा यारी, म्हणजे अवजड वस्तू उचलण्याचे यंत्र, तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे नुकत्याच, १८६२ मध्ये, उघडलेल्या व्हिक्टोरिया गार्डन्समध्ये, म्हणजे आजच्या राणीच्या बागेत, आणून ठेवण्यात आले. कॅडेल व ह्यूएट यांनी ते सांधून हत्ती पुन्हा उभा केला तोवर १९१४ साल उजाडले होते. अर्धे शतक तो तुकड्यांच्याच रूपात होता.

याच आवारात १९६५ नंतर उलट दिशेची आवक सुरू झाली. स्वतंत्र भारतातल्या रस्त्यांवर नकोसे झालेले साम्राज्याचे पुतळे येथे आणून ठेवण्यात आले. त्यांत सातव्या एडवर्डचा, युवराज असतानाचा, ब्राँझचा अश्वारूढ पुतळा आहे; तो ससून घराण्याच्या देणगीतून १८७९ मध्ये उभारला गेला आणि त्याच्यामुळे फोर्टातील चौकाला ‘काळा घोडा’ हे नाव पडले. घोडा भायखळ्याला गेला तरी चौकाचे नाव टिकले, अगदी जसे बेटाचे ‘एलिफंटा’ हे नाव हत्तीवाचून टिकले. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी देणगी दिलेला व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळाही येथेच आला. १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी ज्याला डांबर फासले तोच हा पुतळा. साम्राज्याला नेता न आलेली वस्तू आणि साम्राज्य गेल्यावर मागे उरलेल्या वस्तू अशा एका कुंपणात राहाव्यात, ही मांडणी कोणी ठरवून केलेली नाही. पण मुंबईच्या वसाहतकाळाचे इतके बोलके दालन शहरात दुसरे क्वचितच असेल.

हत्ती घारापुरीला परत न्यावा, असे म्हणणे सोपे आहे आणि न्यायाचेही वाटते. तथापि एकदा फुटून सांधलेला पाषाण पुन्हा यारीला लावणे म्हणजे १८६४ ची चूक जाणूनबुजून करणे होय. तेव्हा तो भायखळ्यालाच राहू द्यावा आणि राजबंदरला त्याच्या मूळ जागेवर त्याच्याच मापाची प्रतिकृती उभारावी, हेच अधिक शहाणपणाचे ठरेल.