गुंजाला गोंडी फॉन्टसाठी आपोआप बिल्ड-टेस्ट करणारं मशीन: काय लागतं, कसं लावायचं

आदिलाबाद जिल्ह्याच्या नारनूर मंडलात गुंजाला हे गाव आहे. गोंडीच्या एका स्वतंत्र लिपीतली हस्तलिखितं इथं मिळाली. प्रा. जयधीर तिरुमल राव आणि हैदराबाद विद्यापीठातल्या अभ्यासकांनी त्यांच्यावर काम केलं आणि जून २०१८ मध्ये युनिकोडच्या ११.० आवृत्तीत ‘गुंजाला गोंडी’ या नावाने ६३ चिन्हांना जागा मिळाली. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक खुलासा: मसराम गोंडी ही वेगळी लिपी. ती त्याच्या आदल्या वर्षी, १०.० आवृत्तीत आली.

युनिकोडमध्ये जागा मिळाली म्हणजे अक्षर मोबाइलवर दिसेलच असं नाही. त्यासाठी फॉन्ट लागतो. ‘नोटो सान्स गुंजाला गोंडी’ हा मुक्त परवान्याचा फॉन्ट त्यासाठी आहे. त्याची मूळ फाइल गिटहबवर सगळ्यांना खुली आहे, कोणीही उतरवून घ्यावी, बदलावी, बांधावी.

फॉन्ट हेसुद्धा सॉफ्टवेअरच. मूळ फाइलीतून वापरायची फाइल तयार करणं म्हणजे बिल्ड, आणि ती नीट चालते का बघणं म्हणजे टेस्ट. प्रत्येक बदलानंतर ही दोन्ही कामं माणसाने न सांगता मशीनने करायची, याला कंटिन्युअस इंटिग्रेशन म्हणतात.

लहान लिपीला याची गरज मोठ्या लिपीपेक्षा जास्त. देवनागरीत ‘दऱ्या’ लिहिलं आणि पडद्यावर ‘दर्या’ दिसलं तर दऱ्यांचा समुद्र होतो, आणि दुसऱ्या दिवशी शंभर जण ओरडतात. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९.८ लाख होते. पण महाराष्ट्रात गोंडी बहुतेक देवनागरीत आणि तेलंगणात तेलुगू लिपीत लिहिली जाते. गुंजाला लिपी वाचणारे थोडे, संगणकावर वापरणारे त्याहून थोडे. जोडाक्षर तुटलं तर कळवणार कोण? महिनोन् महिने ते तसंच राहू शकतं.

मशीन कोणतं?

फॉन्टचं काम हलकं असतं. ६४-बिटचा जुना डेस्कटॉप, ४ जीबी रॅम (८ असेल तर उत्तम) आणि छोटी एसएसडी पुरे. हाच डबा फायरफॉक्ससारखं मोठं सॉफ्टवेअर बांधायला लावाल तर दिवसभर धापा टाकत बसेल. त्यावर डेबियन किंवा उबंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती टाका, डेस्कटॉपचा भाग वगळून. बिल्डसाठी वेगळा युजर बनवा आणि त्याला अॅडमिनचे अधिकार देऊ नका.

आपल्याकडचा खरा प्रश्न लाइटचा. बायॉसमध्ये ‘वीज परत आली की आपोआप चालू हो’ अशी सेटिंग असते, ती आधी लावा. छोटा यूपीएस घ्या आणि राउटरही त्यावरच जोडा. मशीन चालू आणि नेट बंद, याचा काही उपयोग नाही. मे महिन्यात बंद खोलीत ठेवू नका, आणि उन्हाळ्याआधी पंख्यातली धूळ काढा.

सॉफ्टवेअर: बिल्डबॉट

जेनकिन्स, गिटलॅब रनर असे पर्याय आहेत. घरगुती ब्रॉडबँडवर मला बिल्डबॉट सोयीचं वाटतं. ते पायथनमध्ये लिहिलेलं आहे आणि त्याचे दोन भाग आहेत: मास्टर काम वाटतो, वर्कर काम करतो. सुरुवातीला दोन्ही एकाच मशीनवर ठेवता येतात. पुढे वर्कर दुसऱ्या गावी ठेवला तरी मास्टरशी जोडणी वर्करच बाहेरून करतो, म्हणून त्याला स्वतःचा पक्का आयपी पत्ता लागत नाही. वर्कर मध्येच तुटला तर मास्टर ते काम पुन्हा रांगेत लावतो. लाइट जाणाऱ्या गावासाठी हे फार कामाचं.

मास्टरच्या सेटिंगच्या फाइलीत ‘गिट पोलर’ लावा. तो ठरावीक वेळाने (काही सांगितलं नाही तर दर १० मिनिटांनी) मूळ प्रकल्पात नवीन बदल आलाय का ते बघतो. मग तीन पायऱ्या: फाइली उतरवणं, ‘मेक बिल्ड’, ‘मेक टेस्ट’. नोटोच्या प्रकल्पात या दोन्ही आज्ञा तयारच आहेत. टेस्टसाठी फॉन्टबेकरी नावाचं साधन चालतं. पहिल्या वेळी बरंच काही नेटवरून उतरतं, तेव्हा घाई करू नका. निकाल ब्राउझरमध्ये ८०१० या पोर्टवर दिसतो, हिरवा किंवा लाल.

एक रात्रीचं बिल्डही लावा, बदल आलेला नसला तरी. फॉन्ट तोच राहतो, पण अक्षरं जुळवणारं हार्फबझ बदलत राहतं आणि त्यात काही बिघडलं तरी फटका फॉन्टला बसतो. म्हणून दोन बिल्ड ठेवा: एक ठरवलेल्या जुन्या आवृत्त्यांवर, दुसरं सगळ्या ताज्या आवृत्त्यांवर. फक्त दुसरं लाल झालं तर दोष फॉन्टच्या बाहेर शोधायचा.

सुरक्षेचं एकच सांगतो. गिटहबचा स्वतःचा रनर घरच्या मशीनवर चढवता येतो, पण खुल्या प्रकल्पासाठी ते टाळा. कोणीही अनोळखी माणूस बदल सुचवून तुमच्या मशीनवर हवा तो कोड चालवू शकतो. गिटहबही हाच सल्ला देतं. पोलर फक्त मुख्य शाखेवर ठेवला तर तपासून घेतलेला कोडच चालतो.

मशीनला गोंडी येत नाही

फॉन्टबेकरीला शब्दांची यादी देता येते: हा शब्द टाकला की ही अक्षररूपं, याच क्रमाने यावीत. रिकामा चौकोन किंवा ठिपक्यांचं वर्तुळ आलं तर नापास, असंही सांगता येतं. इथं बहुतेक जण सोपा रस्ता धरतात: फॉन्ट आज जे दाखवतो तेच ‘बरोबर उत्तर’ म्हणून भरतात. मग आजची चूकही कायमची बरोबर ठरते. लिपी वाचता येणाऱ्या माणसाने प्रत्येक शब्दाचं चित्र एकदा डोळ्याने बघायलाच हवं. इंद्रवेल्ली, उटनूर, नारनूरकडच्या माणसांशिवाय हे काम होणार नाही, ते पुण्या-हैदराबादेत बसून जमत नाही. पन्नास शब्दांपासून सुरुवात करा: प्रत्येक मात्रा, अंक आणि विरामाने होणारी जोडाक्षरं त्यात यावीत.

अनुक्रमाची टेस्टही लिहा. या लिपीत व्यंजनं ‘क’पासून नाही, ‘य’पासून सुरू होतात. शब्दकोश किंवा नावांची यादी लावणाऱ्या सॉफ्टवेअरचा इथं हमखास गोंधळ होतो.

खर्च

६० वॅट खाणारा डेस्कटॉप महिनाभर अखंड चालला तर सुमारे ४३ युनिट होतात. रात्री एक तास उठवून पुन्हा झोपवला तर जागेपणीचे दोन युनिटही होत नाहीत. लिनक्समधली ‘आरटीसीवेक’ ही आज्ञा तेवढ्यासाठीच आहे. मशीनच नको असेल तर खुल्या प्रकल्पांना गिटहबची साधी मशीनं फुकट मिळतात आणि नोटोचं रोजचं काम तिथंच चालतं. शब्दांची यादी मात्र दोन्हीकडे लागतेच.

टेस्ट लाल झाली आणि चूक खरी निघाली तर नोटोच्या गुंजाला गोंडी प्रकल्पात तक्रार नोंदवता येते. सोबत शब्द, दिसलेलं चित्र आणि हाताने लिहिलेल्या बरोबर रूपाचा फोटो जोडा. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, फोटो स्वच्छ हवा.