गायकवाडी किनाऱ्यावरचा मचवा

बडोदे संस्थान म्हटले की लक्ष्मीविलास, न्यायमंदिर, सुरसागर डोळ्यांपुढे येतात; समुद्र काही येत नाही. वास्तविक संस्थानाला समुद्र होता आणि तो एका जागी नव्हता. नवसारी प्रांतात बिलिमोरा, अमरेली प्रांतात कोडीनार आणि पार पश्चिमेच्या टोकाला ओखामंडळ. बिलिमोऱ्यास गायकवाडांचे आरमार असे. ओखामंडळ १८१७ च्या सुमारास इंग्रजांनी वाघेरांकडून घेऊन गायकवाडांच्या हवाली केले. आरमाराविषयी थोडेफार लिहिले गेले आहे. त्याच किनाऱ्यावर मासेमारी करणाऱ्या लहान मचव्याची आठवण मात्र फारशी कोणी ठेवली नाही. (गणपतीच्या दिवसांत मासळीचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण अनंत चतुर्दशी उलटल्यावर सीकेपी घरांत काय घाई उडते, हे वडोदऱ्यात कोणाला सांगायला नको!)

मचवा म्हणजे शिडाची लाकडी होडी. पुढची नाळ निमुळती, मागे सुकाणू, मध्ये डोलकाठी. सागाच्या फळ्या सांध्यासांध्याने जोडायच्या, फटींत कापूस ठासायचा, आणि समुद्रातली कीड लाकूड पोखरू नये म्हणून बुडाला चुना व चरबी किंवा माशाचे तेल चोपडायचे. कागदावर नकाशा नसे. माप मिस्त्रीच्या डोळ्यांत असे. किनारा बदलला की मचवाही बदले. खंभातच्या आखातात भरती-ओहोटी जबरदस्त, तिथला घाट वेगळा. सातपाटीचा रुंद आणि उंच कडेचा, रत्नागिरीचा अरुंद. सौराष्ट्रात लोढिया नावाची होडी चाले.

बिलिमोऱ्याला सागाची ददात नव्हती. डांगचे जंगल पाठीशीच. संस्थानाने बिलिमोरा–वघई ही सुमारे ६३ किलोमीटरची नॅरोगेज रेल्वे १९१३ च्या सुमारास सुरू केली, ती मुख्यतः लाकडासाठी. आज तिच्याकडे सहलीची गाडी म्हणून पाहिले जाते. त्या काळी ती लाकूडवखारीची गाडी होती. अंबिकेच्या काठी लाकूड उतरायचे, आणि तांडेल, खारवा व माछी समाजाच्या वस्त्या जवळच. होडीला लागणारे सारे काही एका तालुक्यात मिळे.

सयाजीराव महाराजांच्या राज्यात या धंद्याकडे शास्त्राच्या नजरेने पाहिले गेले, हे विशेष. १९०५-०६ मध्ये जेम्स हॉर्नेल या मत्स्यतज्ज्ञाने बडोदे सरकारसाठी ओखामंडळाच्या समुद्राची पाहणी केली. तिचा अहवाल १९०९ आणि १९१६ असा दोन भागांत छापला गेला. मोत्याचे शिंपले आणि खिडक्यांना काचेऐवजी बसवीत तो पातळ शिंपला, यांच्यापासून उत्पन्न निघेल का, हा प्रश्न होता. याच हॉर्नेलने पुढे १९२० साली हिंदुस्थानातील होड्यांच्या घडणीवर प्रबंध लिहिला. आपल्याकडच्या मिस्त्रींना स्वतःच्या होडीवर कोणी पुस्तक लिहील असे स्वप्नातही वाटले नसेल.

१९४९ च्या १ मे रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि त्याच सुमारास होडीत इंजिन आले. सातपाटीच्या मच्छीमारांनी सहकारी संस्थांच्या बळावर यात पुढाकार घेतला. केरळात १९५२ च्या करारानुसार नॉर्वेच्या मदतीने असाच प्रकल्प उभा राहिला. शीड उतरले, मागच्या बाजूला सुकाण्यासाठी छोटी केबिन आली, आणि तिच्या कडेने नाळेपर्यंत जाळे ओढत चालायला जागा राहिली. माझ्या मते हा या होडीचा सर्वांत चांगला काळ. बाप-मुलगे, एखादा चुलता, चार-पाच माणसे. पहाटे जायचे आणि बहुधा त्याच दिवशी परतायचे. मासळी वाटणीने, म्हणून तोटाही वाटणीने.

मग ट्रॉलर आले. कोळंबीला परदेशात भाव मिळाला, वेरावळ ट्रॉलरचे मोठे बंदर झाले. ट्रॉलरचे जाळे तळ खरवडत जाते, त्यात पिल्लेही येतात. जे विकत नाही ते खताला आणि कोंबड्यांच्या खाद्याला. किनाऱ्याजवळची मासळी घटली. तिथेच ज्याचे पोट, तो लहान होडीवाला आधी मोडला. सागही महाग झाला, म्हणून फायबरच्या होड्या आल्या. सौराष्ट्रात आता फायबरचे ‘पिलाणे’ दिसते: मागे टांगलेले इंजिन, केबिन नाही, ऊन-पाऊस डोक्यावर. मोठ्या बोटीचा मालक बंदरावर आणि खलाशी पगारावर, अशी विभागणी झाली.

आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण भरूचपलीकडे भाडभूतचे. नर्मदेच्या मुखातून पावसाळ्यात भिंग मासा अंडी घालायला गोड्या पाण्यात चढतो आणि लहान होड्यांची वर्षाची कमाई त्या दोन-तीन महिन्यांत होते. वरच्या अंगाला धरण झाल्यावर नदीचा लोट कमी झाला, खारे पाणी आत शिरले. ते थोपवायला आता तिथे बंधारा बांधला जात आहे. शेतीला आणि पिण्याला गोडे पाणी हवे, हे मी सरकारी नोकर म्हणून नाकारणार नाही. पण बंधाऱ्याला भिंत असते आणि माशाला वर जायचे असते, ही मच्छीमारांची तक्रारही बिनबुडाची नाही.

ओख्याची गोष्ट याहून कडू आहे. किनाऱ्यावर मासळी उरली नाही म्हणून बोटी दहा-दहा दिवस बर्फ भरून जातात, आणि सागरी हद्दीच्या रेषेपाशी पोचतात. ती रेषा पाण्यावर दिसत नाही. पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा बोट जप्त करते आणि माणसे कराचीच्या तुरुंगात जातात. त्यांत गुजरातचे मच्छीमार असतात, तसे पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरीकडून मजुरीवर आलेले आदिवासी तरुणही असतात. घरी मराठी आणि वारली बोलणारी ही पोरे सौराष्ट्रातल्या मालकाच्या बोटीवर पकडली जातात. दर १ जानेवारी आणि १ जुलै रोजी दोन्ही देश एकमेकांकडे कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या सोपवतात. माणसे दोन-चार वर्षांनी वाघा सीमेवरून परततात. बोट मात्र बहुधा तिकडेच राहते, आणि तिच्यावरचे कर्ज इकडे.